पाठीमागचा मजकूर

पोस्टकार्डाची पाठ वाचायची नाही, हा त्यांचा नियम होता. पत्त्याची बाजू टपालखात्याची, पाठ माणसाची. रत्नागिरीच्या पोस्टात गावागावांचं टपाल वेगळं लावणारे सॉर्टर म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. रोज ढीगभर कार्डं त्यांच्या हातांखालून जात. कुणाचा बाप गेला, कुणाला गिरणीतून काढलं, कुणाला तिसरी मुलगी झाली, सगळं उघड्यावर लिहिलेलं. "पाकीट फोडणाऱ्याला चोर म्हणतात नि कार्ड वाचणाऱ्याला नाय, हा कुठला न्याय?" असं ते नव्या माणसांना विचारत. नवीन लागलेला कुणी कार्ड उलटं करताना दिसला तर त्याच्या मनगटावर शिक्का मारत. खराच शिक्का, शाईचा, तारखेसकट. तो चांगला दोन दिवस टिकायचा.

मी त्यांच्याकडे खोली मागायला गेले तेव्हा ते निवृत्त झालेले होते. कॉलेजसाठी मी गावाहून आले होते आणि चार दारांवरून परत फिरले होते. रत्नागिरीत खोली देताना कुणी जात विचारत नसे, तेवढी सुधारणा झाली होती. आधी गाव विचारत, मग आडनाव, मग सहज आठवल्यासारखं, "कुठल्या वाडीतली गो तू?" बौद्धवाडी म्हटलं की खोली कालच कुणालातरी देऊन झालेली असे. पाचव्या दाराशी मी भांडायच्या तयारीनेच उभी राहिले. पडवीत खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. चेहरा जांभ्या दगडासारखा, डोळ्यांची पापणी लवत नव्हती, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा घासत होता.

"पत्ता?" त्यांनी विचारलं.

मी गाव सांगितलं, पोस्ट सांगितलं, तालुका सांगितला.

"वाडी?"

"बौद्धवाडी!" मी जवळजवळ ओरडले.

चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "पिनकोड?"

पिनकोड मला ठाऊक नव्हता.

"म्हणजे पत्ता अपुरा," ते म्हणाले. "खोली घे. पिनकोड उद्या आणून दे."

आतून त्यांची बायको हात पुसत आली. "घाबरू नको गो बाय. ह्यांचं तोंड आजारानं असं झालंय. आदी तरी काय मोठे हसत होते म्हणा." ते आमच्यातलेच होते, हे मला आत गेल्यावर बुद्धाच्या तसबिरीवरून कळलं. ते त्यांनी दारात सांगितलं नाही. मी त्याबद्दल नंतर विचारलं तर म्हणाले, "तू कुठं विचारलंस? पत्ता मी विचारत होतो."

सगळी आळी त्यांना सॉर्टर म्हणायची. मी काका म्हणायचे. नोकरीत त्यांना एक मेमो मिळाला होता, आणि तो त्यांनी चौकट करून, बुद्धाच्या खाली, पण खुर्चीत बसून दिसेल असा लावला होता. छप्पन सालच्या धर्मांतराला किती वर्षं झाली तरी मुंबईहून येणाऱ्या पाकिटांवर लोक आमच्या वाड्यांची जुनी नावं लिहीत. ती नावं मी इथे लिहिणार नाही. काका ते नाव एका सरळ रेघेने खोडत आणि वर सुंदर अक्षरात 'बौद्धवाडी' लिहीत. कुणीतरी तक्रार केली. टपालावर लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असं त्या मेमोतून वरून विचारलं गेलं. त्यांनी उत्तर पाठवलं : 'चुकीचा पत्ता दुरुस्त करणे हे सॉर्टरचे काम आहे.' निवृत्त झाल्यावरही ते काम सुटलं नाही. महिन्यातून एकदा एस्टीने कुठल्यातरी गावी जायचे, वाडीतल्या माणसांना गोळा करायचे आणि मुंबईच्या पोरांना नवा पत्ता कळवा म्हणून मागे लागायचे. सोबत कोरी कार्डं न्यायचे. लोक सांगत आणि ते लिहीत.

मी त्या दिवसांत पत्रकं लिहीत होते. लहानपणी आमच्या घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. सभेची, मोर्चाची, निषेधाची, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची. मी वाचायला शिकले तीच वाचून. माझं पहिलं छापलेलं पत्रक मी काकांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि सावकाश शेवटपर्यंत वाचलं.

"राग बरा आहे," ते म्हणाले. "पण खाली पत्ता कुठाय? हे वाचून एखाद्याला तुला भेटावंसं वाटलं तर त्यानं कुठं यायचं? रस्त्यात हिंडत बसायचं?"

पुढच्या पत्रकापासून मी खाली त्यांच्या घराचा पत्ता घालू लागले. एकदा दोन पोलीस चौकशीला आले. त्यांना काकांनी बसवून घेतलं, चहा पाजला आणि पत्रकावरचा पत्ता पूर्ण आहे ना, म्हणून विचारलं.

आजाराचं नाव पार्किन्सन. आळीत कंपवात म्हणत. पण कंप हा त्यातला सगळ्यात लहान भाग होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहत त्याला ते म्हणायचे, "मी रिटायर झालो, हात झाला नाय. अजून टपाल वाटतोय." आवाज खाली खाली गेला होता. पाय उंबऱ्याशी आले की जमिनीला चिकटत. मन पुढे जायचं, पाय नाही. त्यावर काकीने उपाय शोधला होता. ती त्यांच्या पुढ्यात जमिनीवर एक कोरं पोस्टकार्ड टाकायची. कार्डावर पाय देणं त्यांना शक्यच नव्हतं. ते पाय उचलून कार्ड ओलांडत, आणि एकदा पाऊल सुटलं की चालू लागत. त्यांचा मुलगा मुंबईला होता, त्याने दाखवलेल्या तिथल्या डॉक्टरांना काकीने हे सांगितलं तेव्हा ते म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले.

अक्षर मात्र कशानेच सावरलं नाही. त्यांचं अक्षर ओळीगणिक लहान होत जायचं. सुरुवात वाटाण्याएवढी, शेवट मोहरीएवढा. पत्ता तेवढा ते जिवाच्या आकांताने मोठा काढत. एकेक अक्षर, मध्ये थांबून. पत्ता झाला की उरलेल्या मजकुराला ताकद शिल्लक राहत नसे.

गोळ्या दिवसातून चार वेळा होत्या. त्यांना ते डाक म्हणत. "अकराची डाक निघाली," असं म्हणून गोळी गिळायची. वेळ चुकली की तासाभरात माणूस लाकूड होई. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. गोळ्या एकाएकी बंद पडल्या तर जिवावर बेतेल. आणि उलटीवरचं एक नेहमीचं इंजेक्शन, जे कुठल्याही दवाखान्यात पटकन टोचतात, ते त्यांना अजिबात द्यायचं नाही, त्याने अंग आणखी आखडेल. "तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या अंगावरच्या कागदानं बोललं पाहिजे," असं ते म्हणाले होते.

काकांना हे लगेच पटलं. पत्त्याशिवाय बाहेर पडणं त्यांना तसंही रुचत नव्हतंच. टपालाच्या पिशवीच्या तोंडाला बांधतात तसलं जाड पुठ्ठ्याचं लेबल त्यांनी तयार केलं, सुतळीत ओवलं आणि गळ्यात घातलं. मी कॉलेजातून आले तर ते पडवीत बसलेले, छातीवर ते लेबल.

माझं डोकंच फिरलं. "काढा ते."

"का गो?"

"गळ्यात? काका, तुम्ही? आपल्या पणज्यांच्या गळ्यात लोकांनी मडकं अडकवलं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. आणि तुम्ही आपल्या हातानं गळ्यात पाटी बांधून बाजारातून हिंडणार?"

"अगो, औषधाचं हाय ते," काकी म्हणाली.

"कशाचंही असो. ओळख गळ्यात गुरांच्या बांधतात, माणसांच्या नाही."

काकांनी विचारलं, "हे पत्रकातलं वाक्य आहे?"

"हो."

"छापलंस?"

"परवाच."

"मग विचार करायला हवा," ते म्हणाले. छापलेल्या शब्दाला ते फार मानत. दुसऱ्या दिवशी लेबल गळ्यात नव्हतं. त्याऐवजी त्यांनी एक पोस्टकार्ड लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. पुढे स्वतःचंच नाव आणि घरचा पत्ता, पिनकोडसकट, मोठ्या अक्षरात. पाठीवर आजार, गोळ्यांच्या वेळा, ते इंजेक्शन. "कार्डच बरं," मला म्हणाले. "पडलं तरी आपल्याकडे कार्ड कुणी तुडवत नाय. उचलून नीट ठेवतात." मी जिंकले होते. मला फार बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

एका सोमवारी ते राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या अलीकडच्या एका गावी निघाले. तिथल्या वाडीत दोन दिवस राहणार होते. काकीने पिशवीत कपडे, कोरी कार्डं आणि तीन दिवसांच्या गोळ्यांची डबी घातली. मंगळवारी ते आले नाहीत. त्यात नवल नव्हतं. वाडीतली माणसं त्यांना सोडत नसत.

बुधवारी अकराच्या सुमाराला पोस्टमन आला. "काकी, कार्ड हाय. काकांच्या नावाचं."

काकीला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं अक्षर ती ओळखायची. "अगो बाय, ह्यांनी सोताला कार्ड टाकलानी!" ती हसत सुटली. "आता घरी येऊन सोताच वाचतील."

मी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं. ते खिशातलं कार्ड होतं.

मग मी पुन्हा पुढची बाजू पाहिली. काकांनी मला शिक्के वाचायला शिकवलं होतं. जेवण झालं की आलेलं एखादं पाकीट घेऊन ते बसायचे आणि पत्र कुठून निघालं, कुठे एक रात्र पडून राहिलं, कुणाचा आळस नडला, हे शिक्क्यांवरून सांगायचे. मी शिक्का उजेडात धरला. सोमवारची तारीख. त्याच गावाचं पोस्ट. म्हणजे ते गावापर्यंत पोचले होते, आणि कार्ड त्यांच्या खिशातून बाहेर पडलं होतं.

"हे रत्नागिरीत कधी आलं?" मी पोस्टमनला विचारलं.

"काल सांजचं. सॉर्टिंगला आम्ही सगळ्यांनी बघितलं की. काकांचं अक्षर लगेच कळतं."

"आणि पाठ कुणी वाचली नाही?"

तो गोरामोरा झाला. "काय बोलतेस बाय? काकांचं कार्ड? त्यांनीच तर..." त्याने नकळत आपलं मनगट चोळलं.

काकी आता हसत नव्हती. ती आत गेली, कपाटातली गोळ्यांची दुसरी डबी आणली आणि माझ्या हातात कोंबली. "तू जा. तुज्या पायांना येग हाय. मी मुंबईला पोराला तार करतंय नि मागल्या गाडीनं येतंय."

एस्टीच्या त्या चार तासांत मी एक हिशेब पुन्हा पुन्हा करत होते. सोमवार दुपारपासून बुधवार दुपारपर्यंत किती डाका चुकल्या असतील.

गावातल्या थांब्यावर उतरले. समोर चहाचं दुकान आणि दुकानाच्या भिंतीला लाल टपालपेटी. मी चहावाल्याला कार्ड दाखवलं.

"हां, हेच!" तो खूष होऊन म्हणाला. "पोचलं काय? बरं झालं. सोमवारी एक म्हातारबाबा गाडीतून उतरले, नि ह्या पायऱ्यांवर पाय असा थांबला की काय विचारू नका. पडले. डोक्याला लागलं, उलटी झाली. आम्ही चौघांनी उचलून दवाखान्यात नेले. पिशवी गाडीतच गेली त्यांची. परत आलो तर हे कार्ड इथं पडलेलं. म्हटलं, टाकायला आणलं असंल बिचाऱ्यानं, तेवढं तरी काम होऊंदे. पुसलं आणि टाकलं पेटीत."

"पाठ नाही वाचलीत?"

"वाचून काय उपयोग? मुंगीएवढं अक्षर. आणि दुसऱ्याचं कार्ड वाचायचं कशाला?"

तो सज्जन माणूस होता. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली असती.

दवाखान्यात ते खाटेवर होते. उघडे डोळे छताला लागलेले, तोंड अर्धवट, अंग वासा टाकावा तसं. मी हाक मारली तर बुबुळं माझ्याकडे वळली, बाकी काही हललं नाही. आणि उजवा हात! तो चादरीवर निश्चल पडला होता. एवढी वर्षं मी तो हात कधी थांबलेला पाहिला नव्हता.

डॉक्टर तरुण होते, दोन दिवस झोपले नसावेत. "डोक्याला मार होता, उलट्या होत होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं आत रक्तस्राव असेल. त्यांना नाव विचारलं, पत्ता विचारला, नुसते ओठ हलायचे. मग तेही थांबलं. आज जिल्ह्याला हलवणार होतो."

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि पाठ वाचायला लागले. वाचता वाचता त्यांनी भिंग खाली ठेवलं. उलट्यांसाठी त्यांनी तेच इंजेक्शन दिलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. त्यांचा दोष नव्हता. ज्या कागदाने त्यांना अडवायचं होतं, तो तेव्हा टपालाच्या पिशवीत बसून रत्नागिरीला निघाला होता. आणि तो कागद गळ्यातून खिशात कुणी घालायला लावला होता, हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

नाकातून नळी घालून गोळ्या विरघळवून दिल्या. रात्री काकी आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या पायांपाशी बसून राहिली.

गुरुवारी दुपारी मी खिडकीशी उभी होते. काकीने एकदम माझा हात ओढला. "बघ गो."

चादरीवर अंगठा हलत होता. तर्जनीवर, सावकाश, एकदा, थांबून पुन्हा एकदा. टपाल वाटायला सुरुवात झाली होती. त्या कंपाला आम्ही घरात इतक्यांदा शिव्या दिल्या होत्या, आणि आता दोघी एकमेकींना धरून रडत होतो.

शुक्रवारी ते बोलले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"कार्ड पोचलं?"

"पोचलं, काका."

"कधी?"

"बुधवारी अकराला."

बराच वेळ गेला. "मंगळवारी पोचायला हवं होतं." मग पुन्हा बराच वेळ. "वाटेत... कुणी वाचलं?"

"कुणीच नाही. चहावाल्यानं नाही, पोस्टात नाही, पोस्टमननं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर भाव उमटत नसत. पण डोळ्यांत अभिमान आला तो मी पाहिला. मग तो गेला आणि तिथे पाणी आलं. "सगळी माझी पोरं," ते म्हणाले. "मीच शिकवलं. चुकलं गो."

"तुमचं नाही, माझं चुकलं," मी म्हणाले. "ते वाक्य छापायला नको होतं."

"वाक्य खरं आहे," ते म्हणाले. "राहू दे. माझ्यासाठी नव्हतं, एवढंच."

घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी मी स्टेशनरीच्या दुकानातून जाड पुठ्ठा आणि सुतळी आणली. त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पुठ्ठा चाचपला. मग म्हणाले, "लिही तूच. माझं अक्षर कुणाला दिसायचं नाय. तुझं मोर्चाचं अक्षर काढ, रस्त्यापलीकडून वाचता येतं ते."

मी ब्रश घेतला. ते सांगत गेले. मला पार्किन्सनचा आजार आहे. मला ऐकू येते, समजते. बोलायला वेळ लागतो. एवढं पुढे. मागे गोळ्यांच्या वेळा, त्या इंजेक्शनचं नाव आणि त्याखाली दोन रेघा, शेवटी पत्ता. पिनकोड मी न सांगता घातला.

"आता सगळ्यात वर एक ओळ घाल," ते म्हणाले.

"कुठली?"

त्यांना वेळ लागला. तो आवाजाचा दोष नव्हता. "'हा मजकूर कोणीही वाचावा.'"

शाई वाळली. मी सुतळी हातात घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले आणि माझे हात वर जाईनात. पणज्याच्या गळ्यातलं मडकं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. "बांधू?" मी विचारलं.

"मडकं बांधताना कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "बांध. गाठ पिशवीची मार, सुटायची नाय अशी."

मी गाठ मारली.

त्यानंतर महिनाभराने आम्ही दोघं एस्टी स्टँडवर उभे होतो. ते नेवऱ्याकडच्या एका वाडीत निघाले होते आणि काकीने मला सोबत धाडलं होतं. मासळीची रिकामी पाटी घेतलेली एक बाई समोरून चालली होती. ती लेबल पाहून थांबली. नुकतीच वाचायला शिकलेली असावी. ओळीखाली बोट धरून ती अक्षर अक्षर लावायला लागली, मोठ्याने. "हा... म-ज-कू-र..." आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी पुढे होणार, तेवढ्यात काकांचा डावा हात माझ्या मनगटावर आला.

ते तिच्यासाठी जमेल तेवढे स्थिर उभे राहिले. उजवा हात टपाल वाटत होता, बाकी माणूस खांबासारखा. बाईने शेवटचा शब्द लावला, मान हलवली, "बरा व्हशील हां बाबा," म्हणाली आणि पाटी सावरून निघाली.

"बाय," काकांनी हाक मारली. आवाज तिच्यापर्यंत पोचला नाही. त्यांनी छातीशी सगळा श्वास गोळा केला. "बाय!"

ती वळली. काका दोन्ही हातांनी ते लेबल उलटं करू लागले. बोटं घसरत होती, पुठ्ठा फिरत होता, पुन्हा परत येत होता. मी मदत केली नाही. शेवटी त्यांनी ते फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं.

"पाठ राहिली," ते म्हणाले.